लाल ठिपक्याच्या पुढे नाही

मी एक जुना प्रीॲम्प्लिफायर आहे. मित्रांनो, माझी कीव करायला बसला असाल तर आत्ताच उठा. जुन्या छत्र्या आणि जुनी घड्याळं आपल्या गोष्टीत रडतात, त्यांना खुशाल रडू द्या. मी रडणार नाही. मला मध्यंतरी कचऱ्याच्या गाडीपर्यंत नेलं होतं आणि तिथून मी परत आलो. कोणी माझ्यावर उपकार केले म्हणून नव्हे, माझं म्हणणं खरं होतं म्हणून. ते म्हणणं काय होतं, तेच सांगायला बसलो आहे.

आधी माझं काम सांगतो, कारण तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखं कोणी पाहिलंही नसेल. गाणं टेपमधून येवो, रेडिओतून येवो की इंटरनेटवरून, येतं तेव्हा ते अगदी बारीक असतं. स्पीकर हलवण्याची ताकद त्यात नसते. ती ताकद देतो मोठा ॲम्प्लिफायर. आमच्या घरी तो कपाटाच्या खालच्या कप्प्यात बसतो. त्याच्या अंगात बळ भरपूर आणि विचार शून्य. त्याला जेवढं द्याल तेवढं तो वाढवून बाहेर फेकतो. त्याला किती द्यायचं, हे ठरवणारा मधला मी. माझ्या छातीवर आवाजाचं बटण आहे. डावीकडे फिरवलं की शांतता, उजवीकडे फिरवलं की सगळी गल्ली जागी. एवढंच माझं काम, पण ते मी कधी दुसऱ्यावर ढकललं नाही.

माझा जन्म इंदूरजवळच्या महूच्या छावणीतला. ज्यांनी मला बनवलं त्या नथूजींचे वडील फौजेत होते आणि नथूजीही फौजेत, तिथल्या वर्कशॉपमध्ये वायरलेस सेट दुरुस्त करायचे. एकदा सरावाच्या वेळी त्यांच्या अगदी जवळ तोफ उडाली आणि त्यांचा डावा कान गेला. उजवा राहिला, पण तोही पुरता नाही. तुम्हाला वाटेल, अशा माणसाची अडचण म्हणजे त्याला गाणं नीट ऐकू येत नाही. ती अडचण सोपी असते, आवाज वाढवला की मिटते. खरी अडचण पुढेच असते. आपण लावलेला आवाज दुसऱ्याला किती मोठा लागतो, हे त्याला कळत नाही.

नथूजी स्वतःला बरं वाटेल एवढा रेडिओ लावायचे आणि क्वार्टरच्या रांगेतल्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या. त्यांच्या पत्नी गिरिजाबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अहो, कमी करा जरा! सगळी लाइन ऐकतेय!" मग नथूजी इतका कमी करायचे की त्यांना स्वतःलाच काही ऐकू यायचं नाही. आपला कोणाला त्रास होऊ नये, हे त्या माणसाच्या हाडात आहे. शेवटी त्यांनी रेडिओ लावणंच सोडलं. गाण्याचं वेड असलेला माणूस घरी येऊन भिंतीकडे बघत बसायला लागला. असे बरेच दिवस गेल्यावर त्यांनी एक दिवस ठरवलं, की कानाला कळत नसेल तर बोटांना कळू दे. त्यातून मी झालो.

माझं अंग ट्रंकेच्या पत्र्याचं आहे. महूच्या बाजारात फौजी लोकांच्या काळ्या-हिरव्या ट्रंका ठोकणारा एक कारागीर होता. त्याने उरलेल्या पत्र्यातून माझी पेटी वाकवली, तोच हिरवा रंग फासला आणि सवयीने वर ट्रंकेचं हँडलही बसवलं. नथूजी म्हणाले, "हँडल कशाला?" तो म्हणाला, "साहब, बिना हँडल का मैं कुछ बनाता ही नहीं." त्यामुळे आजही नवा पाहुणा मला पाहतो तेव्हा त्याला मी काडतुसांची पेटी वाटतो. वाटू दे. आतले भाग नथूजींनी सुट्टीच्या दिवशी बसने इंदूरला येऊन जेल रोडच्या दुकानांतून एकेक निवडून नेले. त्यांनी माझ्यात एक छोटा खटकाही घातला. तो दाबला की दोन्ही बाजूंचा आवाज एक होतो, म्हणजे एका कानाच्या माणसाचं अर्धं गाणं हुकत नाही.

आणि माझं बटण! त्याच्याबद्दल मी थोडी बढाई मारणार आहे, ती ऐकून घ्या. ते भंगारात निघालेल्या एका वायरलेस सेटचं आहे, जड आणि काळं. हातमोजे घातलेल्या शिपायालाही फिरवता यावं म्हणून त्याच्या कडेला खोल खाचा आहेत. त्याच्यामागे कार्बनची एक पट्टी आणि तिच्यावरून सरकणारी एक छोटी दांडी, बस. हाताने फिरवलं तरच ते फिरतं आणि जिथे सोडलं तिथेच राहतं. लाइट जाऊ दे, येऊ दे, दिवाळी येऊ दे, ते आपल्या मनाने केसभरही हलत नाही.

नथूजी निवृत्त झाले आणि आम्ही इंदूरला राजेंद्र नगरच्या घरात राहायला आलो. तिथे माझे कामाचे दिवस सुरू झाले. सकाळी बुद्धवंदना, दुपारी गिरिजाबाईंची गाणी, संध्याकाळी बातम्या. गिरिजाबाई कॉलनीतल्या बायकांच्या गायन मंडळात होत्या. त्या सगळ्या माझ्यासमोर सतरंजीवर बसून चाली बसवायच्या आणि कोणाचा सूर चुकला यावर भांडायच्या. लोक येऊन म्हणायचे, "क्या मस्त आवाज है अंकलजी, स्पीकर कौन से हैं?" कौतुक नेहमी स्पीकरचं व्हायचं. मी मधल्या माणसासारखा गप्प राहायचो. मला त्याचं दुःख नव्हतं, राग मात्र थोडा यायचा.

मग मुलाचं, प्रशिकचं, लग्न झालं आणि धम्मदीना घरात आली. ती भुसावळची, इथे अन्नपूर्णा भागातल्या एका शाळेत शिकवायला लागली. सकाळी तिला शाळेची तयारी करायची असायची आणि तेव्हाच नथूजींची वंदना जोरात सुरू असायची. नवी सून सासऱ्यांना "आवाज कमी करा" कसं म्हणणार? ती म्हणाली नाही. एक दिवस नथूजी दूध आणायला गेले असताना तिने आपल्या लग्नातली लाल नेलपॉलिशची बाटली आणली, माझं बटण हळूच फिरवून पाहिलं, आणि जिथे आवाज घरात पुरतो पण डोक्यात जात नाही, तिथे बटणाच्या कडेला पत्र्यावर एक लाल ठिपका ठेवला.

नथूजी परत आले. त्यांनी ठिपका पाहिला. कोणी ठेवला, का ठेवला, काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बटण फिरवलं आणि बरोबर ठिपक्यावर थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान होतं ते मी इतक्या वर्षांत विसरलो नाही. आता त्यांना अंदाज करायची गरज नव्हती. लाल ठिपक्यावर थांबलं की घरात कोणाला त्रास नाही, हे त्यांना डोळ्यांनी दिसत होतं आणि बोटांनी कळत होतं. पुढे एक पांढरा ठिपका आला, घरात कोणी आजारी असेल तेव्हाचा. एक सोनेरी आला, लाल ठिपक्याच्या पुष्कळ पुढे, फक्त चौदा एप्रिलचा. सासरे आणि सून यांच्यात आवाजावरून कधी एक शब्द झाला नाही. जे बोलायचं ते ठिपक्यांनी झालं. नथूजी वर्षाच्या कुठल्याही साध्या दिवशी लाल ठिपक्याच्या पुढे गेले नाहीत, आणि याचा त्यांना पदकांपेक्षा जास्त अभिमान होता.

इतकं सगळं सुरळीत चाललं असताना आमच्या घरी श्रीहरी आला.

श्रीहरी हा प्रशिकच्या ऑफिसातला, सांगलीहून नोकरीसाठी इंदूरला आलेला. माणूस चांगला, पण गाण्यापेक्षा गाणं वाजवणाऱ्या यंत्रांवर त्याचं प्रेम जास्त. त्याने मला पाहिलं आणि हसलाच. मग स्पीकरला कान लावून म्हणाला, "काका, राग मानू नका, पण ऐका जरा. सूं सूं येतंय ना? ती ह्या डब्याची. सिग्नलच्या वाटेत जितकं कमी, तितकं चांगलं."

प्रशिक म्हणाला, "मतलब, ह्याची जरूरतच नाही?"

"अजिबात नाही. स्ट्रीमर घे. इंटरनेटवरून गाणं थेट त्यात, त्यातून सरळ मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये. व्हॉल्यूम फोनवरून, सॉफ्टवेअरमध्ये होतो. आता बत्तीस बिटांत करतात, काही हरवत नाही."

मित्रांनो, मी खोटं बोलून जिंकणार नाही. श्रीहरी चुकीचं बोलत नव्हता. पूर्वी आकड्यांनी आवाज कमी केला की गाण्यातले बारीक तुकडे गळायचे, आता नव्या यंत्रांत ते फारसं होत नाही. आणि हो, मी सूं सूं करतो. स्पीकरला कान चिकटवला तर ती ऐकू येते. पण स्पीकरला कान चिकटवून गाणं ऐकतं कोण? श्रीहरीने सगळं मोजलं, फक्त नथूजींची बोटं मोजली नाहीत. ती कुठल्याच कागदावर लिहिलेली नव्हती.

एका रविवारी चपटी काळी पेटी आली. माझ्या तारा काढून तिला लावल्या. तिच्यावर बटण नव्हतं, खटका नव्हता, नुसता एक हिरवा दिवा. प्रशिकने आपला जुना फोन नथूजींच्या हातात दिला. "बाबा, आता सगळं यावरून. एकदम सोपं आहे. ही रेघ सरकवायची, बस. टेन्शन नाही घ्यायचं."

नथूजी म्हणाले, "बढिया. तू म्हणतोस तर चांगलंच असेल." आणि त्यांनी स्वतः मला उचलून दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर ठेवलं. तिथून मला बैठकीची खोली पूर्ण दिसते. त्यामुळे पुढे जे झालं, त्याचा मी साक्षीदार आहे.

फोनच्या काचेवर बोट सरकतं, पण बोटाला काही कळत नाही. इथे थांब, असं सांगणारी खाच नाही, ठिपका नाही. शिवाय आवाज तीन ठिकाणी. फोनचा वेगळा, ॲपचा वेगळा, पेटीचा वेगळा. काल जिथे रेघ होती तिथे आज ठेवली तर आवाज तेवढाच येईल, याची खात्री नाही. नथूजी रेघ थोडी सरकवायचे आणि मान वळवून विचारायचे, "धम्मा, ठीक आहे का बेटा? जास्त तर नाही?" ती आतून सांगायची, "ठीक आहे बाबा." पुन्हा थोड्या वेळाने, "आता?" इतकी वर्षं ज्या माणसाला कोणाला विचारावं लागलं नव्हतं, तो आता दर गाण्याला परवानगी मागत होता. मला चपलांच्या कपाटावर बसून याचा संताप यायचा.

मग ती सकाळ आली. शेजारच्या विनीताजींच्या घरी नातू झाला होता. रात्रभर रडून ते बाळ नुकतंच झोपलं आहे, हे भिंतीपलीकडून सगळ्यांना माहीत होतं. नथूजींनी फोनवर वंदना लावली, अगदी बारीक. फोन मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. प्रशिक रोजच्यासारखा बागेत फिरायला गेला होता.

अचानक वंदना थांबली आणि धडधडणाऱ्या ढोलांचं कुठलं तरी गाणं सुरू झालं. आवाज वाढला. अजून वाढला. खिडक्यांची तावदानं थरथरायला लागली. नथूजी दचकून उठले, घाबरून फोनवर कुठेही बोटं मारायला लागले. आवाज काही केल्या कमी होईना. शेवटी स्वतःच थांबला. त्यानंतर भिंतीपलीकडून बाळाचं किंचाळणं ऐकू आलं.

मी पाहिलं होतं. त्यांचा हात फोनला लागण्याआधीच ते गाणं सुरू झालं होतं. पण मला तोंड नाही.

विनीताजी दारात आल्या. त्या भांडायला आल्या नव्हत्या, ते जास्त वाईट होतं. "अंकलजी, बुरा मत मानना, पर मुन्ना एकदम से चौंक गया. थोड़ा धीरे रखा करो ना." नथूजींनी हात जोडले. प्रशिक फिरून आल्यावर त्याने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "बाबा, यार, तुम्ही पण ना! किती वेळा सांगितलं, रेघ हळू सरकवायची."

"हाव रे, चुकलं माझं," नथूजी म्हणाले. त्यांना खरंच वाटत होतं की चूक त्यांचीच आहे. ज्याला ऐकू येत नाही तो कसं शपथेवर सांगणार, की मी वाढवला नाही?

"एक काम करू. तुम्ही फोनला हातच नका लावू. मी घरी असेन तेव्हा लावून देत जाईन."

नथूजींनी फोन बंद करून टीव्हीच्या कपाटात ठेवला आणि पुन्हा काढला नाही. गिरिजाबाई म्हणायच्या, "अहो, वंदना तरी लावा. मी बघते ना किती आहे ते." ते म्हणायचे, "नको. बाळ दचकलं माझ्यामुळे. आता नको." ते पुन्हा भिंतीकडे बघत बसायला लागले, महूच्या क्वार्टरमध्ये बसायचे तसेच. जाता-येता मात्र त्यांचा हात आपोआप माझ्या बटणावर यायचा. माझ्यात वीज नव्हती, तारा नव्हत्या, तरी ते बटण लाल ठिपक्यावर आणून ठेवायचे. मग भान आल्यासारखे हात मागे घ्यायचे. एकदा धम्मदीनाने ते पाहिलं. त्या दिवशी तिने माझ्यावरची धूळ आपल्या ओढणीने पुसली.

आणि एका सकाळी नथूजीच म्हणाले, "आज गाडी आली की हा देऊन टाकतो. समोर दिसतो आणि हात जातो."

मित्रांनो, इथे तुम्हाला वाटेल मी दुःखी झालो. नाही. मी भडकलो. प्रशिकवर भडकलो, श्रीहरीवर भडकलो आणि नथूजींवर तर सगळ्यात जास्त. जे केलंच नाही त्याची शिक्षा ते स्वतःला देत होते, आणि मला बरोबर घेऊन देत होते. मला त्या क्षणी जोरात खरखर करायची होती. पण तारांशिवाय मी खरखर तरी कशी करणार?

आमच्याकडे कचऱ्याची गाडी सकाळी गाणं वाजवत येते आणि सगळी गल्ली आपापल्या फाटकाशी उभी राहते, ओला डबा एका हातात, सुका दुसऱ्या हातात. गाडीला वेगवेगळे कप्पे असतात. बिघडलेल्या विजेच्या वस्तूंसाठी एक वेगळा कप्पा असतो. त्या दिवशी नथूजी मला घेऊन फाटकाशी उभे राहिले. हँडल असूनही त्यांनी मला दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. बाजूला धम्मदीना डबे घेऊन उभी. पलीकडच्या फाटकात विनीताजी, समोरच्या फाटकात धनेश भिया, इंदुरात भैयाला भियाच म्हणतात. गिरिजाबाई तेवढ्या घरात मटार सोलत बसल्या होत्या. गाडी थांबली. गाडीवरचा नंदू खाली उतरला आणि त्याने माझ्यासाठी हात पुढे केले.

तेवढ्यात आमच्या घरातून ढोल सुरू झाले.

तेच गाणं. आधी मध्यम, मग मोठं, मग इतकं मोठं की गाडीचं गाणं त्यात बुडून गेलं. श्रीहरीने सांगून ठेवलं होतं की मोठा ॲम्प्लिफायर कधी बंद करायचा नाही, गरम राहिला की आवाज खुलतो. आवाज चांगलाच खुलला होता. शेजारी बाळ रडायला लागलं. विनीताजींची मान सवयीने नथूजींकडे वळली, आणि वळली तशीच थांबली.

कारण नथूजी तिथे, रस्त्यावर, सगळ्यांच्या समोर उभे होते आणि त्यांचे दोन्ही हात माझ्याभोवती होते.

"अंकलजी तो यहाँ खड़े हैं," विनीताजी म्हणाल्या.

धम्मदीनाने डबे खाली ठेवले. "बाबांचा फोन तर बंद आहे. त्या दिवसापासून त्यांनी हातच नाही लावला त्याला." मग ती घराकडे वळून ओरडली, "आई! प्लग काढा! भिंतीतून ओढून काढा!"

गिरिजाबाईंनी प्लग ओढला. एकदम शांतता झाली, फक्त गाडीचं गाणं आणि बाळाचं रडणं उरलं. आणि त्या शांततेत गल्लीच्या कोपऱ्यावरून प्रशिक आला. कानात इयरफोन, फोन तोंडासमोर, अंगठा बाजूच्या बटणावर. तो दाबतच होता. जवळ येऊन वैतागून म्हणाला, "धम्मा, बघ ना यार, हे खराब झालेत वाटतं. गाणं सुरू आहे, पण कानात आवाजच येत नाहीये. फुल केला तरी नाही."

मग धनेश भिया म्हणाले, "भिया, कान में नहीं आ रहा होगा. पूरे राजेंद्र नगर में तो आ रहा है!"

धम्मदीनाने त्याच्या हातातून फोन घेतला. पडद्यावर खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, गाणं कुठे वाजतं आहे ते. तिथे इयरफोनचं नाव नव्हतं. आमच्या बैठकीच्या खोलीचं होतं. घरातल्या पेटीचं आणि प्रशिकच्या फोनचं खातं एकच. इयरफोन जुळले नाहीत की फोन आपल्या मनाने गाणं घरी पाठवायचा. प्रशिकला ऐकू यायचं नाही, म्हणून तो वाढवायचा. आणि तो बागेत जे वाढवायचा ते इथे भिंतींवर आदळायचं.

"आणि त्या दिवशी?" धम्मदीनाने विचारलं. "बाळ उठलं, त्या दिवशी?"

प्रशिकचा चेहरा उतरला. "त्या दिवशी पण... इयरफोन लागत नव्हते. मी वाढवत गेलो. मग कंटाळून बंदच केलं."

नथूजींना सगळं नीट ऐकू आलं नव्हतं. त्यांनी उजवा कान पुढे केला आणि विचारलं, "मतलब, मी नव्हतो?"

प्रशिक त्यांच्या उजव्या बाजूला गेला आणि मोठ्याने म्हणाला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, "नाही बाबा. तुम्ही नव्हता. मी होतो."

नथूजींनी मला छातीशी आणखी घट्ट धरलं. प्रशिक "सॉरी" म्हणायला लागला तसं त्यांनी त्याला थांबवलं. "मला नको म्हणू. विनीताजींना सांग. बाळाच्या आईला सांग." प्रशिकने तिथेच सांगितलं. विनीताजींनी पदर डोळ्यांना लावला. "अंकलजी, हमने तो बिना पूछे आप ही का नाम ले लिया."

नंदू अजून हात पुढे करून उभा होता. त्याला पुढच्या गल्ल्या होत्या. "दादाजी, ये डब्बा देना है कि नहीं?"

"नहीं भाई," नथूजी म्हणाले. "इसका अभी काम है." आणि ते मला हँडलने धरून, ताठ चालत, घरात घेऊन आले.

प्रशिकने श्रीहरीला फोन केला. श्रीहरी म्हणाला, पेटीच्या सेटिंगमध्ये तिचा आवाज कायमचा पूर्ण करून ठेवता येतो, मग फोनवरून कितीही दाबा, फरक पडत नाही. "पण मग मध्ये तो डबा लावावाच लागेल. सूं सूं परत येईल, सांगून ठेवतो."

"येऊ दे," प्रशिक म्हणाला. त्याने टॉर्च धरला आणि नथूजींनी स्वतःच्या हातांनी माझ्या तारा जोडल्या.

आता काळी पेटी दिवसभर हवा तेवढा दंगा करते आणि माझ्यापाशी येऊन थांबते. कालच प्रशिकचं पुन्हा तेच झालं. तो बागेत, गाणं घरात, पेटीचा हिरवा दिवा चमकत होता, गाणं पूर्ण जोरात वाजत होतं. माझं बटण डावीकडे होतं. समोर बसलेल्या गिरिजाबाईंना हूं की चूं ऐकू आलं नाही. मला इतका आनंद झाला की मी थोडी सूं सूं केली.

मित्रांनो, शेवटी आम्हा वस्तूंनी हात जोडून तुमच्याकडे काहीतरी मागावं, अशी रीत आहे. माझ्याकडे जोडायला हात नाहीत आणि मागायची इच्छाही नाही. बजावून मात्र सांगतो. नवी वस्तू आणा, जरूर आणा, ती माझ्यापेक्षा स्वच्छ गात असेल तर मला मान्य आहे. पण जुनी काढण्याआधी ती कोणाच्या हातात होती ते पाहा, आणि त्या हातात आता काय उरतं तेही पाहा. हे न पाहता मला उचलायला याल तर माझं हँडल मजबूत आहे आणि पत्र्याचे कोपरे धारदार आहेत.

नथूजींचा उजवा कानही आता हळूहळू जातो आहे. डॉक्टरांनी तसं सांगितलं आहे आणि नथूजींनी शांतपणे ऐकून घेतलं आहे. एक दिवस असा येईल की त्यांना काहीच ऐकू येणार नाही. त्या दिवशीही ते सकाळी माझ्यासमोर येतील. बटण फिरवतील, बोटाने लाल ठिपका चाचपतील आणि बरोबर तिथे थांबतील. मग गिरिजाबाई वंदना म्हणतील, धम्मदीना शाळेची तयारी करील, शेजारचं बाळ झोपलेलं राहील. नथूजी खुर्चीत बसून एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहतील आणि त्यांना कळेल, की आवाज ठीक आहे.